डोळ्यावरचे जिवाणू आणि रक्तातली साखर

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी शिबिरातून निवडलेल्या रुग्णांपैकी काही जण दर वेळी शस्त्रक्रिया न होताच घरी परततात. सकाळी बोटाला सुई टोचून पाहिलेली साखर जास्त निघते आणि ‘साखर आटोक्यात आणून या’ असे सांगितले जाते. गावाहून सोबत आलेला मुलगा चिडतो. एक दिवसाचा रोजगार बुडालेला असतो. जखम अवघी काही मिलिमीटरची, बहुधा टाकाही घालावा लागत नाही, मग साखरेचा एवढा बाऊ कशाला, हा त्याचा प्रश्न गैर नाही. त्यावर ‘मधुमेहात जखम लवकर भरत नाही’ हे उत्तर ठरलेले असते. ते खरे आहे, पण अर्धे आहे. उरलेले अर्धे उत्तर डोळ्याच्या पृष्ठभागावर राहणाऱ्या जिवाणूंपाशी आहे.

निरोगी डोळाही जंतुविरहित नसतो. पापण्यांच्या कडा, डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचे पातळ आवरण आणि अश्रूंचा थर यांत स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस, कॉरिनेबॅक्टेरियम, क्युटिबॅक्टेरियम यांसारखे जिवाणू सापडतात. त्वचा किंवा तोंडाच्या तुलनेत त्यांची वस्ती अगदीच विरळ असते. याचे श्रेय मुख्यतः अश्रूंना आणि पापण्यांच्या उघडझापीला जाते. अश्रूंत लायसोझाइम हे जिवाणूंचे कवच फोडणारे द्रव्य असते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली, पेनिसिलिनच्या कितीतरी आधी. अभ्यासासाठी अश्रू हवेत म्हणून ते सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबाचा रस पिळत.

हे विरळ रहिवासी निव्वळ फुकटे नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेत रेचेल कॅस्पी यांच्या गटाने २०१७ साली उंदरांमध्ये दाखवले, की कॉरिनेबॅक्टेरियमची एक जात डोळ्यावर वस्तीला असली तर प्रतिकारशक्ती सतत थोडी जागी राहते आणि कँडिडा ही बुरशी किंवा स्यूडोमोनास हा घातक जिवाणू यांना पाय रोवणे अवघड जाते. माणसाच्या डोळ्यात नेमके असेच घडते का, हे अजून सिद्ध व्हायचे आहे.

मधुमेहात या वस्तीचे आसपासचे वातावरण बदलते. रक्तातील साखर वाढली की अश्रूंतील साखरही वाढते. (त्यावरून अश्रूंतली साखर मोजणारी कॉन्टॅक्ट लेन्स काढण्याची घोषणा गुगलने २०१४ साली मोठ्या गाजावाजाने केली होती. अश्रूंवरून रक्तातल्या साखरेचा भरवशाचा अंदाज बांधता येत नाही, हे लक्षात आल्यावर २०१८ साली तो प्रकल्प गुंडाळला गेला.) पण साखरेपेक्षा मोठे नुकसान मज्जातंतूंचे होते. मधुमेहाने तळपायाची संवेदना जाते हे बहुतेकांना ठाऊक आहे. तशीच ती कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्याचीही कमी होते. डोळ्याला खुपले की पाणी येते आणि पापणी मिटते. ही जाणीवच बोथट झाली की अश्रू कमी स्रवतात, उघडझाप मंदावते आणि पृष्ठभाग कोरडा पडतो. कॉर्नियाच्या वरच्या पेशींचा थर सैल होतो, खरचटले तर भरून यायला वेळ लागतो. जंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशीही साखर जास्त असताना सुस्तावतात. म्हणजे झाडूही थकलेला आणि पहारेकरीही.

अशा डोळ्यावर कोणते जिवाणू वाढतात? जुन्या पद्धतीने, म्हणजे कापसाच्या बोळ्यावर नमुना घेऊन प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून पाहिलेल्या अभ्यासांत मधुमेहींच्या डोळ्यांतून जिवाणू अधिक वेळा सापडले. रेटिना बिघडलेल्या रुग्णांत तर ते आणखी जास्त वेळा मिळाले. अलीकडे जनुकीय तपासणीवर आधारलेले बरेच शोधनिबंध प्रसिद्ध झाले आहेत. मधुमेहींच्या डोळ्यावर अ‍ॅसिनेटोबॅक्टरसारख्या जिवाणूंचा वाटा वाढल्याचे त्यांतल्या काहींत म्हटले आहे. त्यावर बातम्याही आल्या. इथे जरा सबुरीने घेतलेले बरे. डोळ्यावर जिवाणू मुळातच इतके थोडे असतात, की तपासणीच्या रसायनांत, नळ्यांत किंवा हवेत असलेले जिवाणूही निकालात मिसळतात. अ‍ॅसिनेटोबॅक्टर आणि स्यूडोमोनास ही अशा भेसळीतली नेहमीची नावे आहेत. शिवाय जनुकीय तपासणी मेलेल्या जिवाणूंचे अवशेषही मोजते. बहुतेक अभ्यास काही डझन रुग्णांचे आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. तेव्हा मधुमेहात डोळ्यावरची वस्ती बदलते, एवढे मान्य करायला हरकत नाही. त्यातला ‘मधुमेही जिवाणू’ कोणता, हे सांगणे आजतरी घाईचे ठरेल. या शोधांच्या आधारे कोणी डोळ्यासाठी प्रोबायोटिक विकू लागले, तर पैसे खिशातच ठेवावेत.

मग शस्त्रक्रियेआधी जिवाणूंची चिंता कशासाठी? त्याचे कारण १९९१ सालच्या एका अभ्यासात आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर क्वचित डोळ्याच्या आत पू होतो. त्याला एंडोफ्थॅल्मायटिस म्हणतात आणि त्यात काही दिवसांत दृष्टी जाऊ शकते. असे झाले की संशय साहजिकच थिएटरवर, उपकरणांवर आणि डॉक्टरांच्या हातांवर जातो. एकाच दिवशी अनेकांना संसर्ग झाला असेल तर तो योग्यही असतो. पण त्या अभ्यासात १७ पैकी १४ रुग्णांच्या डोळ्याच्या आत सापडलेला जिवाणू त्यांच्याच पापणीवरच्या, डोळ्यावरच्या किंवा नाकातल्या जिवाणूशी जनुकीयदृष्ट्या तंतोतंत जुळला. बाहेर निमूट राहणारा रहिवासी चिरेतून आत शिरला होता. मधुमेह्याच्या बाबतीत बाहेरची गर्दी जास्त, चिरेची जखम भरायला उशीर आणि आतला पहारा ढिला, असे तिन्ही एकत्र येते.

यावरचे सर्वांत भरवशाचे औषध स्वस्त आहे. शस्त्रक्रियेपूर्वी डोळ्यात ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन सोडून काही मिनिटे थांबणे, एवढेच. जिवाणू सहसा त्याला सरावत नाहीत. दुसरा उपाय शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्याच्या आत प्रतिजैविक सोडण्याचा. तमिळनाडूतील अरविंद नेत्र रुग्णालयांनी सहा लाखांहून अधिक शस्त्रक्रियांच्या नोंदी २०१७ साली प्रसिद्ध केल्या. आत मॉक्सिफ्लॉक्सासिन दिल्यावर संसर्गाचे प्रमाण ०.०७ टक्क्यांवरून ०.०२ टक्क्यांवर आले होते, म्हणजे दहा हजारांत सातवरून दोनवर.

डोळ्यात बाहेरून पुन्हा पुन्हा प्रतिजैविकाचे थेंब घालण्याचा परिणाम मात्र उलटा होऊ शकतो. रेटिनाला सूज आलेल्या मधुमेहींना डोळ्यात वारंवार इंजेक्शने घ्यावी लागतात, म्हणून हा मुद्दा त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा. डोळ्यात इंजेक्शने घेणाऱ्या रुग्णांचा एक छोटा अभ्यास अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक इंजेक्शननंतर थेंब घातलेल्या डोळ्यावर औषधाला न जुमानणारे जिवाणू वाढले. त्याच रुग्णांच्या उपचार न केलेल्या दुसऱ्या डोळ्यावर तसे झाले नाही. आपल्याकडे तर यासाठी इंजेक्शनचीही गरज पडत नाही. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदी परिसरातून सुरू होऊन राज्यभर पसरलेली डोळ्यांची साथ मुख्यतः विषाणूची होती. तरी औषधाच्या दुकानांतून प्रतिजैविकाचे थेंब घरोघरी गेले. त्यांतल्या काही बाटल्यांत स्टिरॉइडही असते, आणि ती उरलेली बाटली पुढच्या वेळी डोळा लाल झाला की निघते.

मधुमेही शेतकऱ्याच्या बाबतीत ही बाटली फार महाग पडते. ऊसतोडीच्या दिवसांत पात डोळ्याला लागणे नेहमीचेच. ज्याला दुखते तो दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठतो. ज्याच्या कॉर्नियाची संवेदना कमी झाली आहे त्याला फारसे दुखत नाही. तो घरातले थेंब घालतो, स्टिरॉइडने लाली उतरते आणि आत बुरशी फोफावते. आठवड्याने बुबुळावर पांढरा डाग घेऊन तो येतो, तेव्हा डोळा वाचवणे हीच मोठी गोष्ट असते. २०२१ साली म्युकरमायकोसिसने साखर आणि बुरशीची जोडी महाराष्ट्राला दाखवली होती. तो आजार वेगळा, वाटही वेगळी, पण अनियंत्रित मधुमेहाचे सूत्र दोन्हीकडे आहे.

आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाने २०२३ साली देशात १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज मांडला. देशाची सरासरी ११.४ टक्के, तर गोव्याची २६.४ टक्के, सर्व राज्यांत सर्वाधिक. मोतीबिंदू मधुमेहींना लवकर होतो. त्यामुळे शिबिरांतून साखरेपायी परतणाऱ्यांची संख्या वाढतच जाणार.

किती साखरेला थांबायचे, याचा सर्वमान्य आकडा नाही. तो केंद्रागणिक बदलतो. आदल्या रात्री औषध वाढवून सकाळचा आकडा खाली आणला, तरी मज्जातंतू आणि अश्रू एका रात्रीत सुधारत नाहीत. म्हणून तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी निवडीच्या दिवशीच झाली, तर उपचाराला हाताशी वेळ राहतो. आज बहुतेक ठिकाणी ती होत नाही. परत पाठवलेल्या रुग्णाच्या चिठ्ठीवर ‘साखर जास्त’ एवढेच लिहिलेले असते. कोणत्या दवाखान्यात जायचे, कोणते औषध किती वाढवायचे आणि शस्त्रक्रियेची पुढची तारीख कोणती, यांतले काहीच नसते. मोतीबिंदू पिकत राहतो, दिसत नाही म्हणून चालणे-फिरणे कमी होते, आणि साखर आणखी चढते. नेत्रविभाग आणि मधुमेहाचा बाह्यरुग्ण विभाग अनेक रुग्णालयांत एकाच इमारतीत, फार तर एका जिन्याच्या अंतरावर असतात. तो जिना रुग्णाला एकट्याला, धूसर नजरेने चढायला लावण्याऐवजी त्याची चिठ्ठी त्याच दिवशी वर पोहोचवायला नवा निधी लागत नाही.