पाहुण्याचे तिकीट

दोन दिवसांसाठी मुंबईस येणाऱ्या पाहुण्याने लोकल, मेट्रो व बेस्ट यांच्या दारी निरनिराळी तिकिटे काढीत फिरावे, हे या महानगरीस खचित शोभत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात 'मुंबई वन' ॲप आले, त्याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु तिकिटे एकत्र आली म्हणजे भाडे एक झाले असे नव्हे. लंडनच्या भुयारी रेल्वेत २०१४ पासून बँकेचे साधे कार्ड चालते आणि दिवसाची आकारणी ठराविक मर्यादेपलीकडे जात नाही. तशी मर्यादा येथेही हवी. मात्र त्याच वर्षी लंडनच्या बसगाड्यांनी रोख पैसे नाकारले, तो कित्ता आपण गिरवू नये. ज्याच्या खिशात स्मार्टफोन नाही, तोही या शहराचा पाहुणाच आहे!