भाडं सहा हजार, आणि बाकीचं?

"भाडं किती?" एवढा एकच प्रश्न विचारून आपल्याकडचे पुरुष घर ठरवून मोकळे होतात. पाणी कधी येतं, मोरी तुंबते का, कपडे वाळत कुठे घालायचे, हे बायकोला कळतं सामान लावून झाल्यावर! जिला त्या घरात दिवसभर वावरायचंय, तिने ते आधी बघायलाच हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. तेही संध्याकाळी चहाच्या वेळी नव्हे, नळ येण्याच्या वेळी.

भाड्याच्या आकड्यामागे दुसरे आकडे दडलेले असतात. विजेचंच घ्या. महावितरणचा घरगुती दर पहिल्या शंभर युनिटांना सर्वांत कमी, पुढे चढत जातो. एकाच मीटरवर मालक आणि दोन भाडेकरू असले की तिघांची युनिटं एकत्र मोजली जातात. आपल्या घरात जेमतेम ऐंशी जळली तरी पैसे वरच्या दराने भरायचे. दोनशे रुपये भाडं जास्त, पण मीटर स्वतंत्र, असं घर अनेकदा स्वस्तच पडतं.

खरा घोळ असतो तो कागदाचा. "अकरा महिन्यांचंच आहे, नोंदणी कशाला?" असं मालक म्हणतात आणि आपणही मान डोलावतो. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधल्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

खर्च म्हणाल तर सहा हजार भाडं आणि वीस हजार डिपॉझिट असेल, तर अकरा महिन्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क दोनशेच्या आसपास. नोंदणी फी शहरी भागात हजार, ग्रामीण भागात पाचशे. वर ऑनलाइन करून देणाऱ्याचे पैसे. वीस हजार अडकवताना एवढ्यासाठी हात आखडणं मला तरी पटत नाही.

आणि त्या कागदावर नाव कोणाचं? माझ्या ओळखीतल्या एका ताईंचे यजमान अचानक गेले. मालक तेराव्यानंतर दारात उभे. "मी घर साहेबांना दिलं होतं, तुम्हाला नाही." डिपॉझिटचा विषय काढला तर "रंगकामात वळतं झालं" हे उत्तर. पावती नव्हती, करार साध्या कागदावर आणि त्यावर ताईंचं नावच नाही. दोन मुलांना घेऊन त्या महिन्याभरात भावाकडे गेल्या. मुलीची शाळा वर्षाच्या मध्येच सुटली.

करारात नवरा-बायको दोघांची नावं घालता येतात. त्याला वेगळा खर्च नाही, फक्त सांगावं लागतं. "तुम्हाला काय करायचंय वहिनी, साहेब आहेत ना!" असं एजंट हसून म्हणेल. म्हणू दे. डिपॉझिटची रक्कम, ते किती दिवसांत परत, रंगाचे पैसे कोणाचे, हे करारातच लिहून घ्या. राहायला जाण्याआधी भिंतींचे, नळांचे, मीटरच्या आकड्याचे फोटो मोबाईलवर काढून मालकांना पाठवा. आणि सहीला निघताना यजमानांच्या आधार कार्डासोबत तुमचंही पर्समध्ये असू द्या.