दाराबाहेरचा साक्षीदार

निवेदक कोण आणि तो कोणाच्या बाजूने बोलतो, हा प्रश्न आपण कादंबरीला आवर्जून विचारतो. जखमी कामगाराच्या वैद्यकीय अहवालाला मात्र तो कुणी विचारत नाही. वास्तविक तेही लेखनच. दुखणे सांगतो कामगार. लिहितो मालकाने नेमलेला डॉक्टर. आणि वाचतो असा अधिकारी, ज्याने त्या दोघांचे बोलणे ऐकलेलेच नसते.

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने याची चौकट आखली. अपघाताची नोटीस मिळाल्यापासून तीन दिवसांच्या आत मालकाने विनामूल्य तपासणी देऊ केली, तर कामगाराने तिला सामोरे जायचे. नकार दिला वा अडथळा आणला, तर भरपाईचा हक्क तेवढा काळ स्थगित. अंगठा गेल्यास कमाईची क्षमता ३० टक्क्यांनी घटली, तर्जनी गेल्यास १४ टक्क्यांनी, असा हिशेब परिशिष्टात होता. पण कंबरेतली कळ परिशिष्टात नव्हती. ती किती खरी, हे डॉक्टरच्या लेखणीवर सोपवलेले होते.

१९२४ च्या नियमांत सोबतीचा उल्लेख आढळतो, पण तो केवळ स्त्रियांपुरता. पुरुष डॉक्टरने स्त्रीला तिच्या संमतीवाचून तपासायचे, तर दुसरी स्त्री हजर हवी. नियम योग्यच होता. त्यामागची धारणा अपुरी होती. सोबत हवी ती लज्जेच्या रक्षणासाठी; सत्याच्या रक्षणासाठीही ती लागते, हे कुणाच्या मनात आले नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. मालकाच्या डॉक्टरपुढे उभे राहण्याचे बंधन मात्र कायम आहे.

सोबती रुग्णाला पढवील, डॉक्टरवर दडपण आणील, असा आक्षेप घेतला जातो. मग त्याने गप्प बसावे, असा नियम करा. तपासणी किती मिनिटे चालली, हात किती वर गेला, ‘दुखते’ हा शब्द कितीदा उच्चारला गेला, एवढेच त्याने टिपून ठेवावे. प्रामाणिक डॉक्टरला अशा नोंदीची भीती का वाटावी? आणि सोबतीचा आग्रह म्हणजे ‘अडथळा’ नव्हे, हे कायद्यानेच स्पष्ट शब्दांत सांगावे. नाहीतर हक्क गमावण्याच्या धाकाने कुणी तो धरणारच नाही.

एरवी साध्या तापातही आपल्याकडे रोग्याबरोबर निम्मी आळी दवाखान्यात जाते. ज्या तपासणीवर घरची चूल अवलंबून, तिथेच माणसाने एकटे का जावे?

एकाच निवेदकाच्या शब्दावर विसंबू नये, असे आपण वर्गात शिकवतो. ते वर्गाबाहेरही खरे असायला हवे.