सुरतची साडी, पण कुणाची?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या बाजारपेठेत 'सुरत साडी सेंटर' किंवा 'सुरतच्या भावात' अशी एखादी पाटी दिसतेच. इतकी फुकटची जाहिरात फार थोड्या शहरांच्या वाट्याला आली असेल. मात्र पाटीवर नाव असते शहराचे. ज्याने ग्रे, म्हणजे कोरे कापड घेतले, मिलमध्ये छापून आणले, लेस लावून, घडी घालून पोटला (गठ्ठा) रवाना केला, त्या सुरतच्या रिंग रोडवरच्या व्यापाऱ्याचे नाव तिथे नसते. सुरतने आपली ओळख वर्षानुवर्षे एकाच गोष्टीवर उभी केली, ती म्हणजे स्वस्ताई. ती इतकी पक्की झाली की शहराकडे गिऱ्हाईक आपोआप येते आणि शहरातला छोटा व्यापारी मात्र शेजारच्या गाळ्यात दोन रुपयांनी स्वस्त माल लागला की हवालदिल होतो. एकच गोष्ट सतत सांगत राहण्याची ताकद या व्यापाऱ्याच्या डोळ्यांसमोर आहे. स्वतःच्या पेढीसाठी मात्र तो ती वापरत नाही.

छोट्या पेढीचे मार्केटिंग बहुधा हंगामी तापासारखे असते. दिवाळी आणि लग्नसराईच्या तोंडावर व्हॉट्सअॅपवर दिवसाला शंभर फोटो, नंतर काही महिने शुकशुकाट. दर लॉटला नवे कॅटलॉगनाव, दर कॅटलॉगला नवा थाट. 2019 च्या लोकसभा निवडणुकीआधी पंतप्रधानांच्या चित्रांच्या साड्या निघाल्या, 2022 मध्ये 'पुष्पा' सिनेमाच्या निघाल्या. देशभर बातम्या झाल्या, पण त्या काढणाऱ्या पेढ्यांची नावे आज वाचकांपैकी किती जणांना सांगता येतील? साडीच्या घडीवरचा स्टिकर जवळून पाहा. वर कॅटलॉगचे नाव, खाली डिझाइन नंबर, आणि पेढीचे नाव असलेच तर बारीक अक्षरांत. पुष्कळदा किरकोळ दुकानदार तोही काढून टाकतो, कारण गिऱ्हाइकाला मूळ पेढीचा पत्ता लागू नये यातच त्याचे हित असते. मग धरणगावच्या बाईला ती साडी आवडली आणि बहिणीसाठी तशीच दुसरी हवी झाली, तर तिने मागायची काय म्हणून?

लेस बिने आणि पीटर फील्ड या ब्रिटिश अभ्यासकांनी 2013 मध्ये जाहिरातींच्या परिणामांचा मोठा संग्रह तपासून एक निष्कर्ष मांडला. सवलतीचा मारा केला की विक्री चटकन वर जाते आणि तितक्याच चटकन खाली येते; नाव मनात रुजवण्याचे काम हळू चालते, पण त्याचा लाभ साठत जातो. खर्चाची वाटणी त्यांनी साधारण साठ टक्के नावासाठी आणि चाळीस टक्के तातडीच्या विक्रीसाठी अशी सुचवली. यावर सुरतचा व्यापारी हसेल, आणि त्याचे हसणे अगदीच अनाठायी नाही. हा अभ्यास बड्या कंपन्यांच्या जाहिरातींचा आहे. इथे पैसे साठ-नव्वद दिवसांनी हाती येतात, वटाव वेगळा कापला जातो, माल परत येतो तो निराळाच. डिझाइन आज चालले की आठवड्याच्या आत बाजारात त्याची नक्कल. नावीन्यावर जगणाऱ्या धंद्यात सातत्याची चैन कुणाला परवडते?

पण या आक्षेपात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. बदलायचे ते डिझाइन. ते बदललेच पाहिजे. बदलायचे नाही ते बाकीचे सगळे: पेढीचे एकच नाव, ठरलेला भावाचा पट्टा, ठरलेला प्रकार, माल पाठवण्याचा ठरलेला वार. आणि माप. ब्लाउजपीससह सहा मीटर तीसचा कट सांगायचा आणि पोटल्यात सहा मीटर दहाचा भरायचा, हा प्रकार ज्याने एकदा अनुभवला तो दुकानदार कितीही सुंदर कॅटलॉगला भुलणार नाही. माझ्या मते छोट्या व्यापाऱ्याचे मार्केटिंग इथूनच सुरू होते, आणि याला जाहिरातीचा खर्च नाही. नक्कल डिझाइनची होते. पाच वर्षे एकाच मापाने माल दिल्याचा लौकिक नकलून घेता येत नाही. नावाची राखणही फार महाग नाही. लहान उद्योगाला ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज एका वर्गासाठी 4,500 रुपयांत करता येतो आणि नोंदणी 10 वर्षे टिकते. एका मॉडेलच्या एका दिवसाच्या शूटिंगहून हा खर्च बहुतेक कमीच भरेल.

कुणी 'गार्डन वरेली' या साड्यांच्या नावाकडे बोट दाखवील. सुरतेजवळच्या वरेली गावाचे नाव गार्डन सिल्क मिल्स या कंपनीने देशभर पोहोचवले. तिच्या जाहिराती एका पिढीला अजून आठवतात. तरीही ही कंपनी 2020 मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली आणि 2021 मध्ये चॅटर्जी ग्रुपच्या एमसीपीआयने ती घेतली. मग नाव कमावून काय मिळाले? कंपनीचा पसारा धागा आणि पॉलिएस्टर चिप्सच्या अवजड, भांडवलखाऊ कारखान्यांपर्यंत गेला होता आणि कर्ज डोईजड झाले होते. चांगले नाव कर्जाचे हप्ते फेडत नाही, एवढे यातून नक्की कळते. नाव निरुपयोगी असते, हे त्यातून निघत नाही.

खरी अडचण नव्या बाजाराची आहे. मीशो या ऑनलाइन बाजाराने 2021 मध्ये विक्रेत्यांचे कमिशन शून्य केले आणि सुरतचे असंख्य लहान विक्रेते तिकडे वळले. दलाल गेला, आडत गेली. पण तिथेही गिऱ्हाईक मीशोचेच राहते. भावाच्या यादीत विक्रेत्याचे नाव कोण वाचतो? माल खपवायला हा रस्ता चांगला आहे, पण सगळी पेढी त्यावर सोडू नये. निम्मा माल तरी अशा दुकानदारांकडे जावा जे पेढीला नावाने ओळखतात, आणि असे दुकानदार तापी रेल्वे लाइनवर नंदुरबारपासून जळगावपर्यंत बसले आहेत. त्यांना हिंदी-इंग्रजीची खिचडी असलेले कॅटलॉग जातात. दर सोमवारी मराठीत चार ओळी, चार फोटो आणि एक भाव पाठवायला मार्केटिंग एजन्सी लागत नाही. सुरतच्या लिंबायत, उधना, डिंडोलीतली कितीतरी खानदेशी मुले रिंग रोडच्या मार्केटांत घडी आणि पॅकिंगचे काम करतात. घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि गाळ्यावर गुजराती बोलणाऱ्या या मुलांपैकी एखाद्याला कापडाच्या गठ्ठ्यावरून उठवून फोन हातात द्यावा, आणि ते सोमवारचे काम त्याच्याकडेच ठेवावे, दिवाळी उलटल्यावरही.