नोकरी सुटली, खातं मात्र चालूच!

मंडळी, माणूस संस्था सोडतो तेव्हा त्याच्याकडून ओळखपत्र घेतात, कपाटाच्या किल्ल्या घेतात, लायब्ररीची पुस्तकंसुद्धा मोजून घेतात. पण तिथल्या चाळीस लिनक्स मशिनवरचं त्याचं खातं? ते कुणी बंद करायचं, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं.

मी आपल्याच जिल्ह्यातल्या कॉलेजांत, पतसंस्थांत, छोट्या कारखान्यांत ही मशिनं सांभाळतो. नावं घेणार नाही, कारण प्रश्न एखाद्या संस्थेचा नाही, सवयीचा आहे. बहुतेक ठिकाणी दोनच जुगाड दिसतात.

पहिला: सगळ्यांना एकच 'लॅब' खातं, एकच पासवर्ड, तोही फळ्यावर लिहिलेला. दुसरा: एका मशिनवरच्या पासवर्ड आणि शॅडो फाइली रोज रात्री स्क्रिप्टने सगळीकडे कॉपी करायच्या. याला म्हणे 'सिंक'! अहो, शॅडो फाइलमध्ये सगळ्यांच्या पासवर्डचे हॅश असतात. म्हणजे प्राचार्यांपासून अकाउंटंटपर्यंत सगळ्यांचे हॅश तुम्ही लॅबच्या कोपऱ्यातल्या मशिनवर नेऊन ठेवले. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर पेनड्राइव्हवरून दुसरी सिस्टिम चालू करणारा कुठलाही पोरगा ते घरी घेऊन जाईल.

ही चूक जुनीच आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८०च्या दशकात एनआयएस आणलं, त्यात नेटवर्कवरून सगळ्यांचे हॅश मागवता येत. रेड हॅटने एंटरप्राइझ लिनक्स ९ मधून ते काढूनच टाकलं. आपण मात्र तोच प्रकार हाताने करतोय.

आणखी एक गोष्ट. लिनक्स माणसाला नावाने नाही, नंबराने ओळखतं. एका मशिनवर १००५ म्हणजे विद्यार्थी, दुसऱ्यावर १००५ म्हणजे कॅशियर. साध्या एनएफएस शेअरवर दोघंही एकच! कॅशियरच्या फाइली विद्यार्थ्याला खुल्या.

उपाय आहे, आणि फुकट आहे. फ्रीआयपीए घ्या. त्यात एलडॅप डिरेक्टरी आहे, कर्बेरॉस आहे. खातं एकाच जागी, नंबर सगळीकडे तोच, आणि हॅश मशिनमशिनवर वाटायची गरज नाही. माणूस गेला की एका जागी बंद, पुढचं लॉगिन सगळीकडे बंद. चालू सेशन तेवढी तोडायची. आत्ता काय होतं? पासवर्ड लॉक करून लोक हात झटकतात, आणि त्याची एसएसएच की चालूच राहते.

"मुख्य सर्व्हर पडला तर?" दुसरा जोडीला ठेवा. एसएसएसडी आधी लॉगिन केलेल्यांची माहिती मशिनवर जपून ठेवतं, त्यामुळे काम थांबत नाही. फक्त त्या कॅशला मुदत घाला. अडीअडचणीसाठी एक स्थानिक खातं, त्याचा पासवर्ड सीलबंद पाकिटात. कर्बेरॉसला घड्याळं जुळलेली लागतात, पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक सहसा चालत नाही. तेवढं सांभाळा.

सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी सरकारी संस्था आणि कंपन्यांना निर्देश दिले: सायबर घटना सहा तासांत कळवा, लॉग १८० दिवस ठेवा. ठेवा की! पण सगळेच 'लॅब' म्हणून आत येत असतील, तर १८० दिवसांचा लॉग तरी काय सांगणार? 'लॅब'ने केलं!

"आमच्याकडे माणूस नाही," हे शेवटचं कारण. सीसीटीव्हीला पैसे आहेत, कमानीला आहेत. आणि सगळ्यांच्या किल्ल्या ज्याच्या हातात, तो मात्र अकरा महिन्यांच्या करारावर, सगळ्यात कमी पगारात. उद्या काही झालं की दोष त्याच्यावरच ढकलणार. हे मला मान्य नाही. खातं बंद करणं ही व्यवस्थापनाची जबाबदारी आहे, ना-हरकत दाखल्यावर त्याची सही हवी.

तुम्ही पालक असा, सभासद असा, शिक्षक असा, पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: मागच्या वर्षी सोडून गेलेल्यांपैकी कितीजणांची खाती आज चालू आहेत? "बघून सांगतो" असं उत्तर आलं, तर समजा, यादीच कुणाकडे नाही.