गाईचे वेत आणि चुकलेली मोजपट्टी

उत्तर ऑस्ट्रेलियातील पशुपालकाचा संसार गाईच्या देखणेपणावर चालत नाही. गाय दरवर्षी व्याली काय आणि वासरू जगले काय, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर तो चालतो. क्वीन्सलँड आणि नॉर्दर्न टेरिटरी येथील कुरणांवर पाऊस काही महिन्यांत आटोपतो. पुढे निकस, वाळल्या गवतावर गाईने स्वतः तगायचे आणि वासरालाही पाजायचे. अशा गाईचे शरीर पहिली काटकसर करते ती पुन्हा माजावर न येण्याची. पहिलारू गाय तर अनेकदा अख्खे वर्ष रिकामे घालविते. मांसासाठी पोसलेल्या कळपात दूध विकून तूट भरून काढण्याची सोय नाही. वासरू नाही तर उत्पन्न नाही.

या प्रदेशात प्राबल्य आहे ते ब्राह्मन जातीचे. गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णाकाठची गुरे यांच्या रक्तातून अमेरिकेत घडलेली ही वशिंडाची जात १९३३ साली ऑस्ट्रेलियात नेण्यात आली. ऊन आणि गोचीड सोसण्यात तिने युरोपीय गुरांना मागे टाकले; मात्र वेतांच्या बाबतीत ती मंद ठरली. (मौज अशी की, जिच्या रक्ताचा हिशेब तेथे इतक्या काटेकोरपणे ठेवला जातो, ती कृष्णाकाठची जात तिच्या मूळ मुलखात आज फार थोडी उरली आहे.)

प्रजननक्षमता आनुवंशिक निवडीने फारशी सुधारत नाही, असा पशुशास्त्रज्ञांचा दीर्घकाळ समज होता. गाय गाभण राहिली की नाही, एवढीच नोंद घेतली तर तो खराही वाटतो; कारण त्या उत्तरात पाऊस, चारा, वळू आणि नशीब या सर्वांचा वाटा मिसळलेला असतो. तेथील संशोधकांनी मोजपट्टीच बदलली. सुमारे हजार ब्राह्मन कालवडींच्या बीजकोशांची वारंवार ध्वनिलहरींनी तपासणी करून त्यांनी पहिला माज केव्हा आला आणि विण्यानंतर तो किती दिवसांनी परतला, याची नोंद ठेवली. पहिल्या माजाचे सरासरी वय सुमारे ७५० दिवस निघाले. संकरित गुरांत ते सुमारे ६५०. महत्त्वाचे हे की, या दोन्ही गुणांत ब्राह्मन गाई-गाईंमध्ये आढळणाऱ्या फरकापैकी निम्म्याच्या आसपास फरक आनुवंशिक ठरला. म्हणजे दोष वारशाच्या दुबळेपणाचा नव्हता, मोजण्याच्या रीतीचा होता.

परंतु अशी तपासणी प्रत्येक कुरणावर शक्य नाही. म्हणून ब्रायन पाश्चर्स आणि स्पायग्लास यांसारख्या सरकारी केंद्रांवर निवडक कळपांच्या सविस्तर नोंदी ठेवावयाच्या आणि त्यांच्या आधारे, शेपटीच्या केसांतील जनुकीय नमुन्यावरून, इतर वळूंच्या लेकी कशा निपजतील याचा अंदाज बांधावयाचा, अशी व्यवस्था उभी राहिली. २००१ साली मेउविसेन, हेज आणि गॉडार्ड यांनी मांडलेल्या पद्धतीचेच हे उपयोजन. नोंदी थांबल्या की हा अंदाज पिढीगणिक बोथट होतो, हे विसरून चालत नाही.

वासरांच्या जगण्याचे गणित याहून कठीण आहे. त्यात आनुवंशिकतेचा वाटा अल्प. फुगलेले, बाटलीसारखे सड नवजात वासराच्या तोंडात मावत नाहीत, हे पाहून तशा गाई कळपातून काढता येतात. जन्मवजनावरही लक्ष ठेवता येते. पण २०१९ च्या फेब्रुवारीत वायव्य क्वीन्सलँडमध्ये पुराने आणि गार वाऱ्याने लाखो गुरे मेली, तेथे कोणते जनुक उपयोगी पडणार होते? उत्तम वंशाचे नाव सांगून चारा, पाणी आणि देखरेख यांवरील खर्च टाळणाऱ्या मालकाला संशोधनाचा आधार मिळत नाही.

खरी अडचण बाजारात आहे. वळूच्या लिलावात अजूनही वजन आणि रुबाब यांना भाव मिळतो. नोंदी ठेवण्याचा खर्च पैदासकाराचा, तर वाढीव वासरांचा लाभ कुरणमालकाचा. आणि तोही वळूच्या लेकी व्याल्यावर, म्हणजे पाच-सहा वर्षांनी. संशोधनाला विक्रीतील प्रत्येक जनावरामागे गोळा होणाऱ्या पाच डॉलरांच्या पट्टीतून हातभार लागतो. पट्टी निमूटपणे भरणारा तोच कुरणमालक लिलावात मात्र लेकींच्या माजाची नोंद न विचारता वळूच्या पाठीवरून हात फिरवून बोली लावतो.