वजन उतरवणारं ‘हार्मोन’ : काटा खाली येतो, पण काय गमावून?

म्हसवड : लग्नसराई किंवा पोलीस भरती जवळ आली, की महिनाभरात वजन उतरवून देणाऱ्या जाहिराती मोबाईलवर फिरू लागतात. थेंब, पावडर, गोळी, इंजेक्शन, काहीही असो, दावा एकच : हार्मोन सुधारलं की चरबी आपोआप जाते. हार्मोनचा तज्ज्ञ गाठायचा तर म्हसवडकराला साताऱ्याची किंवा पुण्याची वाट धरावी लागते. त्यामुळे ओळखीच्याचा सल्ला हाच उपचार ठरतो. धोका इथूनच सुरू होतो.

सर्वात हाताशी असलेली गोळी थायरॉईडची. घरात कुणाला तरी ती चालू असतेच. ज्याच्या शरीरात हे हार्मोन कमी आहे, त्याच्यासाठी ती गरजेचीच. पण थायरॉईड नॉर्मल असलेल्याने नेहमीचा डोस घेतला तर वजन उतरत नाही, आणि डोस वाढवला तर ते जिवावर बेतू शकतं. छातीत धडधड, ठोके अनियमित, हात थरथरणं, झोप उडणं. चरबीबरोबर स्नायू झिजतात, हाडं ठिसूळ होतात. भरतीसाठी पळणाऱ्या पोरा-पोरींना तर ज्याची गरज, तेच जातं.

थेंब आणि इंजेक्शनचा किस्सा जुना आहे. डॉ. ए. टी. डब्ल्यू. सिमिअन्स हे 1931 पासून अठरा वर्षे भारतात होते, मुंबईतही त्यांनी प्रॅक्टिस केली. पुढे रोममध्ये त्यांनी गरोदरपणातलं एचसीजी हार्मोन टोचून दिवसाला फक्त 500 कॅलरी खायला देण्याची पद्धत 1954 मध्ये मांडली. वजन उतरलं, पण ते उपासमारीने. आयसीएमआरच्या 2020 च्या शिफारशीनुसार बैठं काम करणाऱ्या बाईलाही दिवसाला 1660 कॅलरी लागतात. 1995 मध्ये 24 चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा या हार्मोनने वजन घटतं याचा पुरावा मिळाला नाही. 2011 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने असे थेंब विकणाऱ्या कंपन्यांना नोटिसा दिल्या. तरी ‘हार्मोन डाएट’ हे नाव काही मरत नाही.

आता नव्या इंजेक्शनांची चर्चा आहे. मौंजारो मार्च 2025 मध्ये आणि वेगोव्ही जून 2025 मध्ये भारतात आलं. ही औषधं आतड्यातल्या हार्मोनची नक्कल करून भूक कमी करतात आणि त्यांच्या मोठ्या चाचण्या झाल्या आहेत. म्हणून सगळ्यांना एका मापात मोजता येत नाही. पण तीही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं आहेत, लठ्ठपणाच्या रुग्णांसाठी. लग्नाआधी चार किलो उतरवायला नव्हेत. मळमळ, उलट्या, पित्ताशयात खडे, क्वचित स्वादुपिंडाला सूज असे त्रास होऊ शकतात. गरोदरपणात ती चालत नाहीत.

मग करायचं काय? वजन अचानक वाढलं, पाळी बिघडली, थकवा जाईना, तर आधी रक्ताची टीएसएच तपासणी करून घ्यावी. डब्यावर ‘फूड सप्लिमेंट’ लिहिलं असेल तर ते अन्न म्हणून विकलं जातं, औषध म्हणून नव्हे. त्यातून हार्मोनचा इलाज होईल हा दावाच संशय घेण्याजोगा. घटक न लिहिलेली पुडी घेऊच नये. आधीपासून गोळी सुरू असेल आणि छाती धडधडत असेल, तर डबा सोबत घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. डॉक्टरांनी दिलेली थायरॉईडची गोळी मात्र हे वाचून कुणी परस्पर बंद करू नये.